नादारीचा अर्ज : कर्ज फेडणं खरंच अशक्य झालं, तर काय करता येतं आणि कसं

अशी प्रकरणं माझ्या टेबलावर बहुतेक वेळा एका पिशवीतून येतात. कापडदुकानाची जुनी पिशवी, तिच्यात बँकेच्या नोटिसा, पतसंस्थेचा वसुली दाखला, क्रेडिट कार्डाची पत्रं, वहीच्या कागदावर लिहून दिलेली हातउसन्याची चिठ्ठी, आणि तळाशी दोन-तीन न फोडलेली पाकिटं. न फोडलेली पाकिटं नेहमीच असतात. माणूस घाबरला की आधी टपाल उघडायचं बंद करतो. म्हणून माझं पहिलं सांगणं ती पाकिटं फोडण्याचं असतं. समन्सची तारीख चुकली की एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे तुमचं न ऐकताच पैसे देण्याचा कोर्टाचा निकाल, होतो, आणि मग जो वाद घालता आला असता तोही हातातून जातो.

पाकिटं फोडून झाली की प्रश्न येतो : "वकीलसाहेब, दिवाळखोरी जाहीर केली तर यातून सुटेन का?"

सुटता येतं, पण सगळ्यातून नाही, लगेच नाही, आणि काही दडवून तर अजिबात नाही. नादारी म्हणजे कर्जमाफी नव्हे. आहे ते सगळं न्यायालयापुढे उघडं करायचं, त्यातून घेणेकऱ्यांना मिळेल ते मिळू द्यायचं आणि उरलेल्या ओझ्यातून मुक्तता मागायची, असा हा व्यवहार आहे. हा अर्ज यशस्वी होतो की उलटतो, हे वकिलाच्या वक्तृत्वावर फारसं ठरत नाही. ते ठरतं तुमच्या यादीच्या खरेपणावर. खाली मी सर्वांत जास्त जागा त्या यादीला दिली आहे, ती याच कारणाने.

शब्दाबद्दल थोडं

बोलताना आपण दिवाळखोरी म्हणतो, कोर्टाच्या मराठीत नादारी. आमच्या आईवडिलांच्या पिढीला नादारी म्हणजे शाळेतली फीमाफी आठवते. गरिबाच्या हुशार मुलाला नादारी मिळायची आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. 'दिवाळं वाजलं' या शब्दाला मात्र डाग चिकटला आहे. कायदा तुम्हाला नादार म्हणतो, चोर म्हणत नाही. हा फरक मी प्रत्येक पक्षकाराला मुद्दाम सांगतो, कारण लाजेपायी माणसं दोन-तीन वर्षं उशीर करतात आणि त्या काळात व्याज मुद्दलाच्या पुढे निघून जातं.

कोणता कायदा लागू होतो?

इंटरनेटवर वाचून आलेले लोक २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचं नाव घेतात. त्या संहितेच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी तरतुदी आहेत हे खरं, पण १ डिसेंबर २०१९ पासून त्या फक्त एकाच गटाला लागू झाल्या आहेत : कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्या लोकांना. तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे संचालक म्हणून बँकेला वैयक्तिक हमी लिहून दिली असेल, तर तुमचा रस्ता तो आहे. त्यात ही प्रक्रिया चालवणारा रिझोल्यूशन प्रोफेशनल नेमला जातो, अर्ज दाखल होताच वसुलीला तात्पुरती स्थगिती लागते, अर्ज स्वीकारला गेला तर १८० दिवसांपर्यंत स्थगिती राहते आणि त्या काळात परतफेडीचा आराखडा घेणेकऱ्यांपुढे ठेवला जातो. हमीदारांवरची ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये वैध ठरवली आहे.

त्याच संहितेतल्या 'नव्या सुरुवाती'बद्दलही विचारतात. वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत उत्पन्न, २०,००० पर्यंत मालमत्ता, ३५,००० पर्यंत कर्ज आणि स्वतःचं घर नाही, अशा माणसासाठी ती सोय लिहून ठेवली आहे. सर्वसामान्य माणसासाठी ती अजून लागू केलेली नाही. तिच्या भरवशावर बसू नका.

बाकी सगळ्यांना, म्हणजे दुकानदार, टेम्पोवाला, पगारदार, शेतीपूरक धंद्यात बुडालेला तरुण, यांना आजही इंग्रजांच्या काळातले दोन कायदे लागतात. मुंबई शहरासाठी १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी कायदा. अर्ज मुंबई उच्च न्यायालयात, आणि मालमत्ता ऑफिशियल असायनी या अधिकाऱ्याच्या ताब्यात. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, लातूर अशा उरलेल्या महाराष्ट्रासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. अर्ज जिल्हा न्यायालयात किंवा सरकारने अधिकार दिलेल्या कनिष्ठ न्यायालयात. पुढे मी मुख्यतः १९२० च्या कायद्याबद्दलच लिहितो. मुंबईची चौकट साधारण अशीच आहे, कलमांचे आकडे वेगळे.

अर्ज करण्याआधी : खरंच याची गरज आहे का?

कर्ज एकाच बँकेचं आणि घरावर तारण असलेलं असेल, तर नादारीने जवळपास काहीच साधत नाही. तारणदार घेणेकऱ्याचा तारण विकण्याचा हक्क कलम २८ ने जसाच्या तसा ठेवला आहे. सरफेसी कायद्याखालची (बँकेला तारण थेट ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) साठ दिवसांची नोटीस आली असेल, तर उत्तर त्या नोटिशीलाच द्यायला हवं.

तीन-चार क्रेडिट कार्डं आणि एखादं वैयक्तिक कर्ज असेल, नोकरी चालू असेल, तर आधी लोकअदालतीत किंवा थेट बँकेशी तडजोडीचं बोला. सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा पडतो. तो त्रासदायक आहे, पण नादारीच्या जाहीर नोटिशीपेक्षा हलका आहे.

कर्ज विनापरवाना सावकाराचं असेल, तर २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा बघा आणि सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करा. परवान्याशिवाय सावकारी करणं हा गुन्हा आहे, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज त्या कायद्याखाली वसूल करता येत नाही. ज्याचं देणंच बेकायदा आहे त्याच्यासाठी स्वतःला नादार ठरवून घेऊ नका.

नादारी उपयोगी पडते ती अशा माणसाला : घेणेकरी बरेच, बहुतेक विनातारण, हुकूमनामे झालेले, दरखास्ती (हुकूमनाम्याच्या वसुलीचे अर्ज) चालू, कोर्टाचा बेलिफ दारात येऊन गेलेला, आणि उत्पन्नातून व्याजही भागत नाही.

कोणाला अर्ज करता येतो?

कलम १० साधं आहे. तुम्ही देणी फेडू शकत नाही हे दाखवायचं, आणि त्याबरोबर तीनपैकी एक गोष्ट असावी लागते : देणी किमान ५०० रुपयांची आहेत, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यापायी तुम्हाला अटक झाली आहे, किंवा तुमच्या मालमत्तेवर जप्तीचा हुकूम चालू आहे. ५०० रुपयांचा आकडा १९२० चा आहे, कोणी बदलला नाही, त्यामुळे ही अट आज सगळेच पार करतात. खरा कस लागतो तो 'फेडू शकत नाही' या शब्दांवर. वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा आहे, त्याची किंमत देण्यापेक्षा जास्त आहे आणि तो विकायची मात्र इच्छा नाही, अशा वेळी न्यायालय अर्ज फेटाळू शकतं.

घेणेकरीही तुमच्याविरुद्ध अर्ज करू शकतो. त्यासाठी तुमच्याकडून 'नादारीचं कृत्य' घडलेलं असावं लागतं : घेणेकऱ्यांना चुकवायला मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करणं, घर सोडून नाहीसं होणं, हुकूमनाम्यात मालमत्ता विकली जाणं, पैसे देणं थांबवल्याची नोटीस देणं, वगैरे. ते कृत्य त्याच्या अर्जाआधीच्या तीन महिन्यांतलं असावं लागतं.

यादी

आता मुख्य काम. मी पक्षकाराला शंभर पानी वही आणायला सांगतो. डावीकडे देणी, उजवीकडे मालमत्ता. टाईप करायची घाई नको. पहिली यादी हातानेच लिहावी, कारण हाताने लिहिताना विसरलेलं आठवतं.

देण्यांच्या बाजूला प्रत्येक घेणेकऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, रक्कम, कर्ज कधी घेतलं, कशासाठी घेतलं, तारण आहे का, जामीनदार कोण, दावा किंवा दरखास्त चालू असेल तर तिचा क्रमांक. पतसंस्थेकडे सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला असेल तर त्याची तारीख. मेहुण्याकडून घेतलेले हातउसने चाळीस हजारही लिहायचे. 'तो घरचाच आहे, मागणार नाही' असं सगळे म्हणतात. लिहायचे. उद्या तुम्ही त्याला गुपचूप पैसे दिलेत, तर इतरांना डावलून एकाला झुकतं माप दिलं असा अर्थ निघतो. अर्जाआधीच्या तीन महिन्यांतलं असं देणं कलम ५४ खाली रद्द होऊ शकतं आणि मेहुण्यालाच ते पैसे परत करावे लागतात.

मालमत्तेच्या बाजूला सातबारावरचा हिस्सा, घर, गाडी, दुकानातला माल, विमा, भिशीत अडकलेले पैसे, लोकांकडून येणं असलेली उधारी, डिमॅट खातं, सोनं. प्रत्येकाची किंमत आणि ती वस्तू कुठे आहे ते. पत्नीच्या अंगावरचं सोनं कोणाचं, हा प्रश्न दर वेळी निघतो. माहेरचं स्त्रीधन तिचं आहे, ते तुमच्या यादीत येत नाही. पण तुम्ही धंद्याच्या पैशातून घेतलेल्या बांगड्या केवळ तिच्या हातात आहेत म्हणून तिच्या होत नाहीत. पावत्या शोधा.

अर्जात आणखी तीन गोष्टी लागतात : राहण्याचा पत्ता, कायद्याने सूट दिलेल्या वस्तू सोडून सगळी मालमत्ता न्यायालयाच्या हाती द्यायला तयार असल्याचं निवेदन, आणि यापूर्वी कधी नादारीचा अर्ज केला होता का. सोबत हिशेबाच्या वह्या. वह्या नसतील तर बँकेचे उतारे, जीएसटीची विवरणपत्रं, यूपीआयची नोंद, जे आहे ते. पुढे मुक्तता मागताना धंद्याचे हिशेब का ठेवले नाहीत, हा प्रश्न न्यायाधीश विचारणारच.

अर्जाआधीची दोन वर्षं

घर पत्नीच्या नावावर, गाडी भावाच्या नावावर, प्लॉटचं बक्षीसपत्र मुलाच्या नावावर. हे सल्ले चहाच्या टपरीवर फुकट मिळतात आणि नादारीची जेवढी प्रकरणं मी बिघडलेली पाहिली त्यातली बरीचशी यांनीच बिघडवली. कलम ५३ सांगतं : मोबदल्याशिवाय केलेलं हस्तांतरण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज आला आणि तो माणूस नादार ठरला, तर रिसीव्हरच्या, म्हणजे नादाराची मालमत्ता सांभाळायला न्यायालयाने नेमलेल्या माणसाच्या, मागणीवरून न्यायालय ते हस्तांतरण रद्द करू शकतं. दोन वर्षं उलटली तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३ आहेच. घेणेकऱ्यांना हुलकावणी द्यायचा हेतू सिद्ध झाला की व्यवहार कोसळतो. शिवाय मालमत्ता लपवणं, खोट्या नोंदी करणं हा कलम ६९ खाली एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

असं काही आधीच करून बसला असाल, तर पहिल्याच भेटीत वकिलाला सांगा. उलटतपासणीत वकिलाला प्रथमच कळलेलं बक्षीसपत्र सावरता येत नाही.

दाखल करण्यापासून आदेशापर्यंत

तुम्ही जिथे राहता, धंदा करता किंवा काम करता तिथल्या न्यायालयात अर्ज जातो. प्रतिज्ञापत्र, वकीलपत्र, याद्या, कोर्ट फी स्टॅम्प. अर्ज स्वीकारला गेला की घेणेकऱ्यांना नोटिसा निघतात आणि राजपत्रात तारीख प्रसिद्ध होते. म्हणजे बातमी गावात पोचणार, हे धरून चाला. घरच्यांना ती तुमच्याच तोंडून आधी कळू द्या.

इथे एक मोठा गैरसमज आहे. अर्ज दाखल झाला म्हणजे जप्ती, लिलाव, फोन सगळं आपोआप थांबतं असं १९२० च्या कायद्यात नाही. अटकेत असाल तर जामिनावर सुटकेचा आदेश मागता येतो, अंतरिम रिसीव्हर मागता येतो. पण मागावं लागतं. लिलावाची तारीख जवळ असेल तर अर्ज स्वीकारल्याचं दरखास्त चालवणाऱ्या न्यायालयाला लगेच लेखी कळवा. आणि एकदा दाखल केलेला अर्ज न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही. 'आधी टाकून तर बघू' असं इथे चालत नाही.

सुनावणीत तुम्हाला साक्षीला उभं राहावं लागतं. पैसे कशात गेले, एवढाच प्रश्न दहा तऱ्हांनी विचारला जातो. एका पक्षकाराने, पोल्ट्री बुडालेल्या तरुणाने, पक्षी मेले त्या आठवड्याच्या खाद्याच्या पावत्या आणि पशुवैद्याचे कागद तारखेनुसार दोऱ्यात ओवून आणले होते. त्याला फार बोलावं लागलं नाही.

न्यायालयाचं समाधान झालं की नादार ठरवल्याचा आदेश होतो. त्या क्षणापासून तुमची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या हाती जाते, आणि घेणेकऱ्यांना परवानगीशिवाय त्या देण्यासाठी नवा दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षणाचा वेगळा आदेश कलम ३१ खाली मागून घ्या. त्याच आदेशात मुक्ततेचा अर्ज किती मुदतीत करायचा तेही लिहिलेलं असतं. ती तारीख घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

काय जातं, काय राहतं

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने जे जप्तीतून वगळलं आहे ते नादारीतही जात नाही. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं, शेतकरी किंवा मजूर स्वतः राहत असलेलं घर, अर्थात ते गहाण नसेल तर. धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाई अंगावेगळे करू शकत नाही असे दागिनेही वगळले आहेत, म्हणजे मंगळसूत्राला कोणी हात लावत नाही. सरकारी पेन्शन, ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी, आयुर्विम्याचे पैसे यांनाही संरक्षण आहे.

पगाराचं गणित असं : पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. पगार २५,००० असेल तर १,००० अधिक १६,००० मिळून १७,००० तुमचे; जास्तीत जास्त ८,००० वर हात पडू शकतो.

आदेशानंतर आणि मुक्ततेआधी मिळालेली मालमत्ताही रिसीव्हरकडे जाते. त्या काळात वारसाहक्काने हिस्सा आला तर तो कळवावा लागतो.

कशातून सुटका नाही

सरकारी देणी, फसवणुकीतून किंवा विश्वासघाताने झालेली देणी, आणि न्यायालयाने ठरवलेली पत्नी-मुलांची पोटगी मुक्ततेनंतरही उभीच राहतात. चेक न वटल्याचा कलम १३८ चा खटला फौजदारी आहे. नादारी त्याला ढाल होत नाही.

आणि जामीनदार. तुमची मुक्तता झाली तरी जामीनदार सुटत नाही. तुमच्यासाठी सही केलेला शाळेतला मित्र किंवा चुलतभाऊ यांच्याकडे बँक दुसऱ्या दिवशी जाऊ शकते. अर्ज करण्याआधी त्यांना भेटा, समोर बसून सांगा. कायद्याने हे बंधन नाही. पण ती नोटीस त्याच्या घरी पोस्टमनने प्रथम पोचवू नये, असं मला मनापासून वाटतं.

मुक्तता

नादार ठरणं ही अर्धी वाट. पुष्कळ लोक इथेच थांबतात आणि मुदत निघून जाते. मुदतीत अर्ज केला नाही किंवा तारखेला हजर राहिला नाहीत, तर नादारीचा आदेशच रद्द होतो आणि घेणेकरी पुन्हा मोकळे.

मुक्ततेच्या सुनावणीत रिसीव्हरचा अहवाल वाचला जातो. न्यायालय पूर्ण मुक्तता देऊ शकतं, ती काही काळ पुढे ढकलू शकतं, किंवा पुढच्या कमाईतून अमुक भरण्याची अट घालू शकतं. कलम ४२ मधल्या गोष्टी सिद्ध झाल्या तर विनाअट मुक्तता नाकारावीच लागते : हिशेब न ठेवणं, बुडालो हे कळूनही धंदा रेटणं, फेडायची शक्यता नसताना नवं कर्ज काढणं, जुगार, सट्टा, उधळपट्टी, फसवणूक. ऑनलाइन सट्ट्याचे उतारे आता या कागदांत दिसू लागले आहेत. याच कलमात जुन्या नाण्यांच्या भाषेतली एक ओळ आहे : मालमत्ता रुपयामागे आठ आणेही भरत नसेल, तर ते तुमच्या दोषाने झालं नाही हे तुम्ही पटवून द्यायचं. पोल्ट्रीवाल्याच्या दोऱ्यात ओवलेल्या पावत्या इथे पुन्हा कामाला आल्या.

मुक्तता होईपर्यंत काही दारं बंद असतात. ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेताना आपण नादार आहोत हे सांगावं लागतं. न सांगणं हा सहा महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांची निवडणूक, आमदारकी, खासदारकी, कंपनीचं संचालकपद या काळात नाही. नोकरी करायला मात्र कायद्याची आडकाठी नाही. तुमच्या नोकरीचे सेवानियम तेवढे तपासा.

नेहमी विचारले जाणारे आणखी काही

तुरुंगात टाकतील का? पैसे नाहीत एवढ्याच कारणाने नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलं आहे की ऐपत असून बुडवणारा आणि खरोखर गरीब यांत फरक करावा लागेल. पैशाच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीला अटक करताच येत नाही.

माझ्यामागे मुलांना फेडावं लागेल का? वारसाने मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत, त्यापुढे नाही. 'बापाचं ऋण मुलाने फेडायचं' ही हिंदू कायद्यातली जुनी जबाबदारी ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांपुरती काढून टाकली आहे. मुलाने स्वतः सहकर्जदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी.

वसुलीवाले रात्री फोन करतात. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार सकाळी ८ आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, नातेवाइकांसमोर अपमान तर नाहीच. वेळ आणि नंबर त्याच वहीत मागच्या पानावर लिहा. आधी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला फी नाही.

वकिलाचे पैसे कुठून आणू? प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले सगळे यांना तिथे विनामूल्य वकील मिळतो. फोनवर १५१०० लावला तरी चौकशी करता येते. जाताना आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि ती पिशवी घेऊन जा. कागद लावून नेले नाहीत तरी चालेल, पण न फोडलेलं पाकीट एकही ठेवू नका.